आधी कृती, मग अट

उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या तीरावर, भैरवगढ नावाची वस्ती आहे. काळभैरवाच्या आणि सिद्धवटाच्या दर्शनासाठी निघालेले यात्रेकरू येथे येतात; परंतु कापडाची पारख असणाऱ्या गृहिणींना भैरवगढचे नाव निराळ्याच कारणाने परिचयाचे असते. येथील छिपा कारागिरांच्या घरांतून लाकडी ठप्प्यांनी कापड छापण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या जोडीला मेणाच्या साहाय्याने कापड रंगविण्याची बाटिकची कलाही येथे रुजली असून उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले.

आमच्या लेखाचा विषय मात्र कापड हा नव्हे. संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा वापरल्या जातात, त्यांपैकी 'जावा' या भाषेतील एक आवर्तन आणि त्याच भाषेतील छपाईची एक रीत, यांचा परिचय आम्ही करून देणार आहोत. त्यासाठी भैरवगढला जाण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन दुहेरी आहे. एक तर आवर्तनाचे जे दोन प्रकार विद्यार्थ्यांना नेहमी गोंधळात पाडतात, ते दोन्ही प्रकार तेथे एकाच अंगणात, दोन कारागिरांच्या हातून, रोज घडत असतात. दुसरे प्रयोजन केवळ गमतीचे आहे. बाटिक हा शब्द आला जावा बेटाकडून. आणि जावा या संगणकभाषेचे नावही त्याच बेटाच्या कॉफीवरून पडले. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली या भाषेचे काम आरंभिले, तेव्हा तिचे नाव 'ओक' असे होते. ते नाव आधीच दुसऱ्यांनी घेतलेले निघाल्यामुळे १९९५ साली ती 'जावा' या नावाने लोकांपुढे आली. कॉफीचा वाफाळता पेला हे तिचे बोधचिन्ह त्यामुळेच झाले.

आता अंगणातील पहिला कारागीर पाहू. त्याच्या पुढ्यात लांब मेजावर कापड ताणून बसविलेले आहे. हातात ठप्पा आहे. ठप्पा उमटवायचा, उचलायचा, आधीच्या उमट्याच्या कडेला नेमका भिडवून पुन्हा उमटवायचा, असा त्याचा क्रम चालू असतो. परंतु प्रत्येक वेळी हात खाली आणण्यापूर्वी त्याची नजर पुढे जाते. उरलेल्या जागेत ठप्पा मावेल काय? मावणार असेल तरच हात खाली येतो. समजा, कापड ५५० सेंटिमीटर लांब आहे आणि ठप्पा १२ सेंटिमीटर रुंद आहे. ४५ ठप्प्यांत ५४० सेंटिमीटर जागा व्यापली जाते. उरलेल्या १० सेंटिमीटरांत पुढचा ठप्पा मावत नाही. म्हणून काम थांबते. ही आधी अट आणि मग कृती अशी रीत होय. जावामध्ये तिला 'व्हाइल' आवर्तन म्हणतात.

दुसरा कारागीर भट्टीपाशी उभा आहे. बाटिकमध्ये कापडाचा जो भाग रंगवावयाचा नसतो, त्यावर कुंचल्याने किंवा ठप्प्याने वितळलेले मेण चढवितात. मग कापड रंगात बुडविले की मेणाखालचा भाग कोरा राहतो. आणि मेणाला जेथे भेगा पडल्या असतील, तेथे रंग शिरून बाटिकच्या त्या प्रसिद्ध बारीक शिरा उमटतात. रंगकाम आटोपल्यावर ते मेण काढून टाकावे लागते. त्यासाठी कापड उकळत्या पाण्यात घालतात, बाहेर काढतात आणि निरखून पाहतात. मेण राहिले असेल, तर पुन्हा पाण्यात. येथे पहिली बुडी देण्यापूर्वी कोणी विचार करीत बसत नाही. कारण मेण आहे हे ठाऊकच आहे. 'अजून राहिले आहे काय?' या प्रश्नाला अर्थ येतो तो पहिल्या बुडीनंतरच. आधी कृती, मग अट. हेच 'डू-व्हाइल' आवर्तन.

दोहोंतील भेद एवढाच की व्हाइल आवर्तनातील कृती एकदाही न घडणे संभवते, तर डू-व्हाइलमधील कृती निदान एकदा घडतेच घडते. भेद लहान दिसतो खरा. परंतु आज्ञावलीत तो अनर्थ करू शकतो. ठप्प्याच्या कारागिराने भट्टीवाल्याची रीत उचलली अशी कल्पना करा. समोर केवळ ८ सेंटिमीटरांचा तुकडा आला. आधी ठप्पा, मग विचार, या रीतीने १२ सेंटिमीटरांचा ठप्पा त्या तुकड्यावर पडणार आणि उरलेले ४ सेंटिमीटर मेजावर उमटणार. तुकडा अजिबात नसला, तर सगळा ठप्पाच मेजावर. यंत्राला मेज आणि कापड यांतील फरक कळत नाही. शून्य विद्यार्थ्यांच्या वर्गाची गुणपत्रिका छापावयाची असता डू-व्हाइल वापरले, तर नसलेल्या पहिल्या विद्यार्थ्याची ओळ मागितली जाते आणि आज्ञावली तेथेच मोडून पडते. म्हणून आवर्तन लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला प्रथम हा प्रश्न विचारावा: माझे काम ठप्प्याचे आहे की मेणाचे?

ज्या कामात अटीचा विचार करण्याची सामग्री कृतीतूनच निर्माण होते, ते मेणाचे काम समजावे. वापरणाऱ्याला एखादा आकडा विचारावयाचा आहे; तो १ ते ४० यांच्या दरम्यानच असावा; नसेल तर पुन्हा विचारावयाचे. येथे आकडा विचारल्यावाचून तो योग्य की अयोग्य हे ठरणार कसे? अशा ठिकाणी डू-व्हाइल शोभून दिसते. संगणकवर्गात या आवर्तनाचा सर्वात अधिक उपयोग याच कामासाठी होतो. पण आमच्या मते त्याचे खरे सामर्थ्य गणितात दिसते. आणि गणिताचे नाव निघाले की उज्जयिनी पुन्हा समोर येते.

आपल्या प्राचीन ज्योतिर्गणितात उज्जयिनीचे स्थान केंद्राचे होते. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी रेषा ही भूमध्यरेषा मानून इतर गावांचे देशांतर मोजीत असत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचे सवाई जयसिंग यांनी ज्या पाच वेधशाळा उभारल्या, त्यांत दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी यांच्या बरोबरीने उज्जयिनीची गणना होते. पुढे शिंद्यांच्या राज्यात माधवराव महाराजांनी १९२३ साली या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला आणि तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे झाले. मराठी वाचकाला हे नाव आपलेसे वाटावे. ग्रहस्थितीचे वार्षिक कोष्टक प्रसिद्ध करणे हे या वेधशाळेचे एक काम आहे. कोष्टक या शब्दाकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

ज्योतिषाच्या त्या जुन्या ग्रंथांत 'असकृत्' असा एक शब्द येतो. 'सकृत्' म्हणजे एकदा. 'असकृत्' म्हणजे एकदाच नव्हे, पुनःपुन्हा. सूर्यसिद्धान्तातील चंद्रग्रहणाच्या गणितात त्याचा उपयोग फार सुंदर रीतीने झालेला आहे. ग्रहण किती वेळ चालेल हे काढावयाचे असते. ग्रहणाच्या आरंभी चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे त्याचे अंतर, किती होते हे समजल्यास काटकोन त्रिकोणाच्या नियमाने ग्रहणाच्या अर्ध्या काळाचे मान निघते. परंतु ग्रहणाचा आरंभ केव्हा झाला हे कळल्याशिवाय त्या क्षणीचा शर कळणार नाही. आणि शर कळल्याशिवाय आरंभ कळणार नाही! आधी चावी हवी की आधी पेटी, अशातला हा पेच आहे.

आचार्यांनी तो सोडविला तो असा. ग्रहणाच्या मध्याचा शर माहीत असतो. तोच प्रथम घ्यावा. त्यावरून अर्ध्या काळाचे मान काढावे. ते थोडे चुकीचे येणार, चिंता नाही. तेवढ्या काळाने चंद्राला मागे नेऊन तेथला शर काढावा, त्या शरावरून पुन्हा काळ काढावा, आणि मागच्या व नव्या उत्तरांत भेद उरेनासा होईपर्यंत हे करीत राहावे. भेद न उरणे याला त्यांनी 'अविशेष' असे नाव दिले. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की पहिल्या खेपेपूर्वी 'मागचे' आणि 'नवे' अशी दोन उत्तरे अस्तित्वातच नसतात. मग त्यांच्यातील भेद कसा तपासणार? म्हणून आधी गणित, मग तपासणी. संगणक जन्मास येण्यापूर्वी कित्येक शतके डू-व्हाइल आवर्तन खडूने आणि धुळीच्या पाटीवर चालविले जात होते, असे म्हणण्यास आम्हांस कोणताच संकोच वाटत नाही. ज्यांना या गणिताचा इतिहास मराठीतून वाचावयाचा असेल, त्यांच्यासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ सालचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आहेच.

ग्रहणाचे गणित येथे मांडणे विस्ताराचे होईल. त्याच जातीचे सोपे उदाहरण घेऊ: २ चे वर्गमूळ. रीत अशी की एक अंदाज घ्यावा. २ ला त्या अंदाजाने भागावे. अंदाज आणि भागाकार यांची सरासरी हा नवा अंदाज समजावा. अंदाज खऱ्या मुळापेक्षा मोठा असेल तर भागाकार लहान येतो आणि लहान असेल तर मोठा, म्हणून सरासरी खऱ्या मुळाजवळ सरकते. मागच्या आणि नव्या अंदाजांतील फरक दशलक्षांशाहून अधिक आहे तोवर हे चालवावयाचे.

जावाचे शब्द रोमन अक्षरांतच लिहावे लागतात आणि आज्ञावलीतले अंकही रोमनच हवेत. येथे ते आम्ही उच्चाराप्रमाणे नागरीत देत आहोत. यंत्रावर उतरविताना विद्यार्थ्यांनी त्यांचे मूळ रूप योजावे. मात्र चलांची नावे, म्हणजे ज्या खोक्यांत आकडे ठेवावयाचे त्यांची नावे, खुशाल नागरीत ठेवावीत. जावाला ती चालतात. 'फरक' हे नाव मराठी मुलाला परक्या शब्दापेक्षा अधिक बोलते, हे सांगावयास नकोच.

डबल संख्या = २.०, जुनी, नवी = १.०, फरक;
इंट फेरी = ०;
डू {
    जुनी = नवी;
    नवी = (जुनी + संख्या / जुनी) / २;
    फरक = मॅथ.ॲब्ज(नवी - जुनी);
    फेरी++;
    सिस्टम.आउट.प्रिंटएफ("%३डी %१०.६एफ %१०.६एफ%एन", फेरी, नवी, फरक);
} व्हाइल (फरक > ०.०००००१ && फेरी < ५०);

'डबल' म्हणजे दशांश आकड्याचे खोके, 'इंट' म्हणजे पूर्णांकाचे. 'मॅथ.ॲब्ज' उणे चिन्ह काढून टाकते. आज्ञावली चालविली असता कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या अक्षरपटावर, या पाच ओळी उमटतात:

  १   १.५०००००   ०.५०००००
  २   १.४१६६६७   ०.०८३३३३
  ३   १.४१४२१६   ०.००२४५१
  ४   १.४१४२१४   ०.०००००२
  ५   १.४१४२१४   ०.००००००

अवघ्या पाच फेऱ्यांत सहा स्थळांपर्यंत उत्तर स्थिर झाले. फरकाचा रकाना वरून खाली वाचावा: पाच दशांश, मग आठ शतांश, मग अडीच सहस्रांश, आणि पुढे एकदम दोन दशलक्षांश. उत्तर जसे जवळ येते, तशी गती वाढत जाते. विद्यार्थ्यांनी हे वहीवर स्वतः करून पाहावे. तिसऱ्या फेरीपर्यंत हाताने सहज जाता येते.

आता आज्ञावलीतील बारकाव्यांकडे येऊ. 'फरक' हे खोके महिरपी कंसाच्या बाहेर, आरंभीच घोषित केले आहे. ते कंसाच्या आत घोषित केले असते, तर खालच्या अटीला ते दिसलेच नसते. कारण कंसात जन्मलेले चल कंसाबरोबर नाहीसे होते आणि अट आहे कंसाच्या बाहेर. डू-व्हाइल शिकणाऱ्या बहुतेकांची पहिली ठेच येथे लागते. उलट, 'फरक' याला आरंभीची किंमत आम्ही दिलेली नाही, आणि तरी जावा तक्रार करीत नाही. कृती एकदा घडणारच हे जावाला ठाऊक असते. तेव्हा अटीपाशी पोहोचेपर्यंत खोक्यात आकडा पडलेला असणार. हेच गणित व्हाइलने लिहिले असते, तर केवळ दारातून आत शिरता यावे म्हणून फरकाला एखादी खोटी किंमत, समजा १०००, द्यावी लागली असती. खोटी किंमत टळते, हे डू-व्हाइलच्या बाजूचे एक चांगले कारण आहे.

अटीच्या शेवटी अर्धविराम आहे. डू-व्हाइलमध्ये तो आवश्यक आहे. पण साध्या व्हाइलच्या अटीपुढे सवयीने अर्धविराम पडला, तर जावा त्या अर्धविरामालाच संपूर्ण कृती समजते. अट खरी असेल तर यंत्र काहीही न करता अनंतकाळ फिरत राहते. एक टिंब आणि एक स्वल्पविराम, पण परिणाम केवढा!

आणखी एक गोष्ट अनेकांना नडते. 'अविशेष होईपर्यंत' हे वाक्य थांबण्याची अट सांगते. जावाची अट चालू ठेवण्याची असते. निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली सिद्ध केलेल्या पास्कल भाषेत 'रिपीट-अंटिल' असे आवर्तन आहे. ते संस्कृत ग्रंथकारांप्रमाणे किंवा आपल्या घरातल्या बोलण्याप्रमाणे 'अमुक होईपर्यंत' असे बोलते. जावाने मात्र सी भाषेची रीत उचलली: 'अमुक आहे तोवर'. म्हणून मराठीत विचार केलेली अट जावात उतरविताना उलटी करावी लागते. मेण निघेपर्यंत नव्हे, मेण आहे तोवर. फरक शून्य होईपर्यंत नव्हे, फरक उरला आहे तोवर. ही उलटापालट विसरली की आवर्तन पहिल्याच फेरीत थांबते किंवा कधीच थांबत नाही.

कोणी विचारील, फरक अगदी शून्य होण्याची वाट का पाहू नये? यंत्रातील दशांश आकड्यांना ठरावीकच स्थळे असतात. त्यामुळे काही गणितांत उत्तर शेजारच्या दोन किमतींमध्ये झोपाळ्यासारखे हेलकावत राहते आणि शून्य फरक येतच नाही. म्हणून दशलक्षांशाची सीमा, आणि त्याउपर पन्नास फेऱ्यांचा बांध. बांध घालून ठेवणे हे शहाणपणाचे, पाणी आले नाही तरी.

छपाईची गोष्ट राहिली. ठप्प्याच्या कारागिराला ज्याची सर्वात अधिक काळजी, ती म्हणजे उमटे एका रेषेत येण्याची. एक ठप्पा केसभर सरकला की पुढची सगळी वेल वाकडी होते. कोष्टकाचेही तसेच. जावामध्ये २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत कन्सोलवर छापण्याची साधी रीत तेवढी होती. ती आकडे एकापुढे एक टाकून मोकळी होत असे, आणि १.५ च्या खाली १.४१६६६६६६६६६६६६६५ असली शेपटी लोंबत राही. त्या आवृत्तीत 'प्रिंटएफ' आले. तेही मूळचे सी भाषेतले.

प्रिंटएफला प्रथम एक साचा द्यावयाचा असतो. साच्यातील प्रत्येक टक्केचिन्ह म्हणजे एक रिकामे घर. '%३डी' म्हणजे पूर्णांकासाठी तीन अक्षरे रुंद घर. आकडा लहान असेल तर डावीकडे मोकळी जागा सुटते आणि एकंखाली एकं येतो. '%१०.६एफ' म्हणजे दहा अक्षरे रुंद घर, त्यात दशांशचिन्हानंतर सहा स्थळे. रुंदीपूर्वी उणे चिन्ह घातले की मजकूर डाव्या कडेला चिकटतो. नावांसाठी ते बरे. '%एस' हे मजकुराचे घर, '%एन' म्हणजे ओळ मोडणे, आणि खरेच टक्केचिन्ह छापावयाचे असेल तर ते दोनदा लिहावे. गुणपत्रिकेत शेकडेवारी छापणाऱ्याने हे शेवटचे विसरू नये.

घर आणि पाहुणा यांची जात जुळली पाहिजे. पूर्णांकाच्या घरात दशांश आकडा पाठविला, तर जावा आज्ञावली तपासताना गप्प बसते आणि ती चालू असताना, नेमक्या त्या ओळीवर, अपवाद उभा करून थांबते. याउलट आकडा घरापेक्षा रुंद असेल, तर जावा त्याला कापीत नाही; घराची भिंत बाहेर ढकलते. रकाना वाकडा होतो, पण आकडा खोटा होत नाही. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. हिशेबाच्या वहीत वाकडी ओळ परवडते, तुटलेला आकडा परवडत नाही.

चौथी आणि पाचवी ओळ पुन्हा पाहा. दोन्हींत १.४१४२१४ असे छापलेले आहे; मग फरक ०.०००००२ कोठून आला? साचा केवळ छापताना आकडा पूर्णत्वास नेतो. खोक्यातला आकडा तसाच राहतो. चौथ्या फेरीची किंमत १.४१४२१३ च्या पुढे ५६२३७… अशी आहे आणि पाचवीची ५६२३७… अशीच. त्यांतील भेद याहून कितीतरी सूक्ष्म आहे. ०.०००००२ हा भेद तिसऱ्या आणि चौथ्या फेऱ्यांमधला. ओळीतील फरक मागच्या ओळीशी असतो, पुढच्या ओळीशी नव्हे, हे कोष्टक वाचताना ध्यानात ठेवावे.

मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याच्या दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. साच्यात स्वल्पविराम घातल्यास जावा मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम टाकते, पण तीन-तीन अंकांनंतर. बारा लक्ष चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या १,२३४,५६७ अशी छापली जाते, आपल्या रीतीने १२,३४,५६७ अशी नव्हे. लक्ष-कोटींचे विराम हवे असतील तर ते स्वतः घालण्याची आज्ञावली लिहावी लागते. अंक नागरीत छापणे मात्र सोपे आहे. साच्याआधी भाषा आणि प्रदेश सांगण्याची सोय जावात आहे. तिला 'लोकेल' म्हणतात. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून मराठीचा लोकेल दिला की '%डी' च्या घरात १२३ असे नागरी अंक उतरतात.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. घराची रुंदी जावा मोजते ती आपल्या अक्षरांत नव्हे, तर संगणकाच्या चिन्हांकांत. 'धार' या गावाचे नाव घ्या: ध, काना, र, असे तीन चिन्हांक. 'देवास': द, मात्रा, व, काना, स, असे पाच. आणि 'उज्जयिनी': उ, ज, हलंत, ज, य, वेलांटी, न, वेलांटी, असे आठ, जरी डोळ्यांना अक्षरे चारच दिसतात. दहा रुंदीच्या घरात ही तीन नावे छापली, तर जावा धारपुढे सात मोकळ्या जागा सोडते, देवासपुढे पाच आणि उज्जयिनीपुढे दोनच. मात्रा आणि हलंत पडद्यावर स्वतंत्र जागा घेत नाहीत. त्यामुळे पुढचा रकाना प्रत्येक ओळीत वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतो. भैरवगढचे नाव तर अधिकच मासलेवाईक. मराठीत आपण शेवटी ढ लिहितो, तर हिंदीत त्याखाली नुक्ता देतात. तो नुक्ता बहुधा स्वतंत्र चिन्हांक म्हणून साठविला जातो, तेव्हा सहाचे सात होतात आणि एकाच गावाची दोन रूपे कोष्टकात दोन निरनिराळी अंतरे सोडतात.

यावर उपाय दोन. अक्षरगट ओळखून मोजणारी साधने जावात आहेत. त्यांच्या आधारे मोकळ्या जागा स्वतः मोजून घालाव्यात. हा उपाय कष्टाचा, आणि प्रत्येक पडद्याचा टंक जोडाक्षरे सारखीच दाखवील असेही नाही. दुसरा उपाय कारागिराचा आहे: आकड्यांचे रकाने डावीकडे घ्यावेत आणि नाव शेवटी, उजवीकडे, छापावे. नावापुढे जर कोणताच रकाना नसेल, तर त्याने कितीही जागा खाल्ली तरी कोणाची रेषा बिघडत नाही. हजेरीपटात आपण नाव आधी लिहितो खरे, पण कन्सोलवर ही उलट मांडणी आम्हांस पसंत आहे.

ज्यांच्या घरी किंवा शाळेत संगणक आहे, त्यांनी वरील आज्ञावलीत 'संख्या' बदलून पाहावी. ९ ठेवल्यास उत्तर ३ कडे कसे सरकते ते पाहावे. शून्य ठेवल्यास अंदाज दर फेरीला निम्मा होत जातो. बरोबर वीस फेऱ्या होतात, आणि शेवटच्या ओळीत शून्याऐवजी ०.०००००१ छापलेले दिसते. उणे २ ठेवल्यास अंदाज भरकटत राहतो, कारण उणे संख्येला असे मूळच नाही, आणि पन्नासाचा बांध उपयोगी पडतो. उणे १ ठेवल्यास मात्र आवर्तन तिसऱ्याच फेरीत थांबते, आणि फरकाच्या रकान्यात आकड्याऐवजी 'आकडा नव्हे' अशा अर्थाची तीन रोमन अक्षरे येतात. उत्तर तर सापडलेले नाही, मग आवर्तन थांबले का? दुसऱ्या फेरीत कोणता भागाकार होतो तो वहीवर मांडावा, आणि मग खालची अट पुन्हा एकदा वाचावी.